म्हैस हूं म्हणत नाही

आमचं घर वाळीत पडलं ते माझ्या सासऱ्यांनी नारळावर हात ठेवला नाही म्हणून. एवढंच कारण. लोक अजून विचारतात की आणखी काहीतरी असेल, जमिनीचं किंवा बाईमाणसाचं. काही नव्हतं.

आमचं गाव रेवदंड्याच्या खाडीच्या आतल्या अंगाला. भाताची खाचरं, पलीकडे मिठागरं आणि खाडीला अडवायला मातीचा लांब बांध. बांध धड असेल तर गाव जेवतं. उधाणाला फुटला की खारं पाणी भातात शिरतं आणि जमिनीला पुन्हा गोडी यायला वर्षं जातात. त्या वर्षी बांधाला भेगा पडल्या होत्या. स्वातंत्र्यानंतरची दुसरी निवडणूक आली तेव्हा गावकीच्या प्रमुखाने एका पक्षाला शब्द देऊन टाकला, गावची झाडून सगळी मतं तुम्हाला, बांध तुम्ही दुरुस्त करून द्या. आम्ही बायका त्याला पुढारी म्हणायचो, तोंडावर नाही. मिशा झुपकेदार, पण माणूस वाईट नव्हता, गावासाठीच करत होता. पण दुसऱ्याचं मत आपल्याच खिशात आहे असं धरून चालला होता.

मोजणी झाली आणि अलिबागहून बातमी आली की आमच्या गावच्या पेट्यांत दुसऱ्या पक्षाचीही काही मतं निघाली. पुढाऱ्याची मान खाली गेली. त्याने गावदेवीच्या देवळात गावकी बसवली, मध्ये नारळ ठेवला आणि एकेका घरच्या कर्त्याला बोलावून म्हणाला, "हात ठेव आनि सांग, मत कुनाला दिलंस." सगळे एकामागून एक ठेवून आले. त्यांतल्या काहींनी खोटी शपथ घेतली हे उघड आहे, नाहीतर ती मतं काय खेकड्यांनी येऊन टाकली? सासऱ्यांची पाळी आली तेव्हा ते बसल्या जागेवरून उठलेच नाहीत.

"मी न्हाय सांगनार."

"म्हंजे तूच तो."

"तसं मी बोललो न्हाय. सरकारनं पेटीपुढं पडदा लावला व्हता तो कशाला? सगल्यांसमोर सांगायचं असतं तर पडदा कशाला?"

"सरकार अलिबागला. हितं गावकी हाय."

"हाय ना. गावकी मला बांधावर बोलावते, मी जातो. पालखीला बोलावते, जातो. पडद्यामागं गावकीचं काय काम?"

त्या बैठकीत ठरलं की या घराशी कुणी बोलायचं नाही, काही द्यायचं नाही, काही घ्यायचं नाही. जो बोलेल तोही वाळीत.

सासऱ्यांनी मत कुणाला दिलं हे घरात आम्हालाही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने एकदा विचारलं. ते म्हणाले, "तुला सांगितलं तर त्याला का न्हाय?" कदाचित पुढाऱ्याच्याच पक्षाला दिलं असेल. मला तर तसंच वाटतं, कारण बांधाची काळजी त्यांना कुणाहून कमी नव्हती.

वाळीत पडणं म्हणजे काय ते सांगते, नाहीतर आजच्या मुलांना वाटतं की चार लोक बोलले नाहीत तर काय बिघडलं. विहिरीवर मी पोचले की बाकीच्या बायका आपले हंडे उचलून लांब उभ्या राहायच्या. दुकानदार माझ्याकडे न बघता वजनं पुसत बसायचा. तेल, काडेपेटी, गूळ आणायला रेवदंड्याला चालत जावं लागायचं. लावणीच्या वेळी गावात सावड असायची, म्हणजे आज सगळे तुमच्या खाचरात, उद्या सगळे माझ्या. आमच्या खाचरात आम्ही चौघंच. पाठ मोडून घेतली, पण लावणी केली. नवरा मिठागरावर कामाला होता, तिथला मालक बाहेरगावचा, म्हणून तेवढा रोजगार टिकला.

हे सगळं सोसलं असतं. गोष्ट अडली ती नणंदेवर. तिची सोयरीक पालीकडच्या एका गावात ठरली होती. वाळीतची बातमी तिकडे पोचली आणि मुलाचा मामा आला. पडवीत बसला, पाणी प्यायला, मग म्हणाला, "मुलगी आमाला पसंत हाय. पन वाळीतल्या घरची सून आनली तर उद्या आमची गावकी आमाला पुसंल. तुलशीचं लगीन होईस्तोवर थांबतो. तवर मिटलं तर मांडव घाला. न्हाय मिटलं तर राग मानू नका."

नणंद रडली नाही. आमच्या घरात रडायची पद्धत नाही. ती भाकरी थापता थापता मला म्हणाली, "वयनी, बाबांनी पडदा राखला, माजा नवरा घालवला."

शाळेचे मास्तर मिठागराच्या वाटेवर माझ्या नवऱ्याला भेटले. मत गुप्त ठेवणं हा तुमच्या वडिलांचा कायद्याने दिलेला हक्क आहे म्हणाले. नवरा म्हणाला, मग गावकीत येऊन एवढं सांगा. मास्तर म्हणाले, मला पोरंबाळं आहेत. हक्क हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा नीट ऐकला. ऐकला तेव्हाच कळलं की तो शब्द कुणीतरी मोठ्याने बोलावा लागतो आणि बोलणारा शोधावा लागतो.

आता कहाणीचं. मी चौथी शिकले होते, म्हणून लग्न होऊन आल्यापासून श्रावणी सोमवारी कहाणी सांगायचं काम माझ्याकडे आलं. आमच्या आळीतल्या बायका दिवसभर उपाशी राहायच्या, दिवेलागणीला मुठीत तांदूळ धरून बसायच्या, कहाणी संपली की तांदूळ वाहायच्या आणि मग जेवायच्या. कहाणी ऐकल्याशिवाय जेवायचं नाही आणि सुरू झालेली अर्धी सोडायची नाही. सुरुवातीला माझ्याकडे एक पोथी होती. ती वाळवीने खाल्ली. मग आठवेल तसं सांगायला लागले आणि आठवेना तिथे माझ्या मनाचं घालायला लागले. बायकांना माझ्या मनाचंच जास्त आवडायला लागलं. दोनतीन वर्षांत पोथीतलं काही उरलं नव्हतं.

असं मनाचं रचताना काय सांभाळावं लागतं ते मला कुणी शिकवलं नाही, बायकांच्या तोंडाकडे बघून कळलं. राजवाडा ढगात असला तरी चालतो, पण त्या राजवाड्यात पाणी कोण भरतं ते सांगावं लागतं. एकदा मी राणीला हंसावर बसवून समुद्रापार नेलं, कुणी हरकत घेतली नाही. पण तिने परत येऊन चूल पेटवल्या पेटवल्या भात वाढला तेव्हा एक म्हातारी म्हणाली, "कच्चा व्हता काय गो?" सगळ्या हसल्या आणि कहाणी तिथेच मेली. राक्षसाचंही तसंच. त्याला आगीची भीती आहे असं पहिल्या सोमवारी सांगितलं की चौथ्या सोमवारी तो आगीतून चालू शकत नाही. खोट्याला खऱ्यापेक्षा जास्त नियम असतात. खरं कसंही वागतं.

त्या वर्षी श्रावण लागला आणि आळीची पंचाईत झाली. माझ्या तोंडून ऐकायची सोय नव्हती. पहिल्या सोमवारी देवळातल्या गुरवाला बसवलं. तो इतक्या भराभरा वाचत गेला की बायकांना तांदूळ मुठीत घ्यायलाही वेळ मिळाला नाही, असं मला नंतर कळलं.

त्याच संध्याकाळी मी आमच्या पडवीत म्हशीपुढे बसले होते. पडवीच्या पलीकडे कुंपण, कुंपणापलीकडे माझ्या चुलतजावेची पडवी. दोन्ही पडव्यांत बोललेलं सगळं एकमेकांना ऐकू जायचं, पूर्वी त्यावरून भांडणंही झाली होती. माझाही उपास होता. म्हटलं, मला जेवायचं तर कहाणी सांगायला हवी. म्हशीला सांगायला लागले. चुलतजाऊ पलीकडे भांडी घासत होती, घासायची थांबली.

पुढच्या सोमवारी तिच्या पडवीत गर्दी. अंधुक उजेडात मला नुसते पदर दिसत होते. कुणी बोललं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. गावकीने आमच्याशी बोलायला बंदी केली होती, मी माझ्या म्हशीशी बोलत होते आणि त्या आपल्या नातलगाच्या पडवीत बसल्या होत्या. यात कुणाला दंड करणार?

कहाणी मी नवीन रचली. आमच्या गोष्टींत राक्षसाचा जीव पोपटात असतो. मी म्हटलं, राक्षसाचाच का? मी असं नगर केलं की तिथे प्रत्येक माणसाच्या छातीत एक पाखरू. म्हाताऱ्याच्या, पोराच्या, दळणाऱ्या बाईच्याही. माणूस झोपला की पाखरू हळू गातं, ते गाणं ज्याचं त्याला कळतं. एकच नियम. कुणी जबरदस्तीने पाखरू दाखवायला लावलं तर ते आपलं गाणं विसरतं आणि बघणाऱ्याचं गाणं गायला लागतं. तिथल्या सरदाराने हुकूम काढला, वेशीवर या आणि छाती उघडून पाखरू दाखवा. सगळ्यांनी दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून नगरभर एकच गाणं. एक कुंभारीण तेवढी म्हणाली, पाखरू आहे, पण दाखवणार नाही. तिला वेशीबाहेर काढलं.

मधल्या आठवड्यात अलिबागहून दुसऱ्या पक्षाचा कार्यकर्ता आला, डोळ्यांवर चष्मा, हातात छत्री. कहाणीची बातमी त्याला कुठून लागली देव जाणे. पडवीत बसून म्हणाला, "ताई, फार उपयुक्त काम करताय. फक्त त्या सरदाराला जरा मिशा द्या. तुमच्या गावात कुणाच्या आहेत तशा. म्हणजे लोकांना समजेल."

मी म्हटलं, "त्या मिशावाल्याची आई ऐकायला येते."

"मग तर उत्तमच."

"मिशा दिल्या तर ती उठून जाईल. आनि बाकीच्या गोष्ट सोडून मिशा बघत बसतील."

त्याला ते पटलं नाही. सासऱ्यांना म्हणाला, "काका, तुम्ही आमच्यासाठी एवढं सोसलंत, पक्ष विसरणार नाही."

सासरे जाळं विणत होते. मान वर न करता म्हणाले, "तुमच्यासाटी? तुमाला कुनी सांगितलं?"

त्या माणसाने मला एक मात्र दिलं. पुढच्या सोमवारी मी कहाणीत दुसरा सरदार आणला. तो वेशीबाहेर कुंभारणीकडे जाऊन म्हणतो, बाई, त्याला पाखरू दाखवलं नाहीस, म्हणजे ते माझंच. बाहेर काढ, माझ्या पिंजऱ्यात ठेव, माझा पिंजरा सोन्याचा आहे. कुंपणापलीकडून हसण्याचा आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

शेवटचा सोमवार आला. पावसाने उघडीप दिली होती. चुलतजावेच्या पडवीत जागा पुरेना, बायका अंगणात खाटेवर बसल्या होत्या. पुढाऱ्याची म्हातारी आई सगळ्यांत पुढे, कुंपणाला टेकून. तुळशीचं लग्न जवळ येत होतं आणि नणंद दिवसेंदिवस गप्प होत चालली होती. मी काय करायचं ते ठरवून बसले होते, घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

कहाणी मी अशा ठिकाणी नेली की कुंभारीण वेशीशी उभी आहे, आत सगळं नगर उभं आहे आणि तिने एकच प्रश्न विचारलाय. तिथे थांबले.

कहाणीला हुंकार लागतो. ऐकणाऱ्याने मध्ये मध्ये हूं म्हणायचं, म्हणजे सांगणाऱ्याला पुढे जाता येतं. महिनाभर मी हुंकाराशिवाय सांगितलं होतं, कारण हूं म्हणणं म्हणजे माझ्याशी बोलणं. मी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि मोठ्याने म्हटलं, "बाय, पुढचं मला सांगता येत न्हाय. म्हैस हूं म्हनत न्हाय."

पलीकडे मुठीत तांदूळ, पोटात सकाळपासून काही नाही, कहाणी अर्धी. तशी टाकून घरी जाऊन जेवता येत नाही. मला त्यांची दया आली नाही. मीही उपाशीच होते.

कुजबूज सुरू झाली. "तू बोल." "मी कशाला, तू बोल." "माज्या घरी कलंल." "मग काय हितंच बसायचं सकालपत्तूर?"

शेवटी पुढाऱ्याची आई खाकरली. म्हणाली, "मेल्यांनो, माज्या पोटात कावले कोकलतात. हूं." मग कुणी ऐकलं नसेल म्हणून आणखी मोठ्याने, "हूं गो. फुडं सांग."

मी पुढे सांगितलं. कुंभारणीने विचारलं होतं, तुमच्यापैकी कुणाला आपलं स्वतःचं गाणं आठवतंय? आतून एक पोर गुणगुणलं. मग दुसरं कुणी. दोन्ही सरदार कानांवर हात ठेवून बसले, कारण इतकी वेगवेगळी गाणी एकदम ऐकायची त्यांना सवय नव्हती. वेस उघडली. प्रत्येक वाक्याला पलीकडून हूं येत होता, आधी म्हातारीचा, मग चुलतजावेचा, मग सगळ्यांचा. संपल्यावर म्हातारी कुंपणाच्या फटीतून वाकून आत आली आणि म्हणाली, "तांदूल तुज्या तुलशीला वाहते. आनि जेवायला वाढ, आता घरी जायचं बल न्हाय माज्यात." तिच्या मागून बाकीच्या आल्या. घरात होता नव्हता तो भात संपला. नणंद वाढत होती. वाढता वाढता हसायला लागली, कशाला ते तिलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी गावकी बसली. पुढाऱ्याचाच ठराव होता, जो बोलेल तो वाळीत. हिशोबाने आता अर्धं गाव वाळीत पडत होतं आणि त्यात पहिलं त्याचं घर. कुणीतरी म्हणालं, "आता तुमच्याशी आमी बोलायचं का न्हाय?" पुढाऱ्याने समोरचा नारळ बाजूला सारला, असं चुलतदिराने सांगितलं. मग म्हणाला, मत कुणाला दिलं ते एक नाव त्याला सांगू दे, फक्त कानात सांगितलं तरी चालेल, ठराव मागे घेतो. सासऱ्यांना निरोप आला. त्यांनी निरोप पाठवला, कान कुणाचाही असो, सांगणार नाही. तरी ठराव मागे घ्यावा लागला. सकाळी मी विहिरीवर गेले तर एका बाईने माझा हंडा माझ्याआधी भरून ठेवला होता.

तेवढ्यात तो अलिबागचा कार्यकर्ता पुन्हा उगवला, या वेळी हार घेऊन. लग्नाला आमचे मोठे नेते येतील, मांडवावर झेंडा लावू, खर्चाचीही काळजी नको. एकच गोष्ट, त्या पुढाऱ्याच्या घराला बोलावणं द्यायचं नाही. "आता त्याला कळू दे वाळीत म्हणजे काय असतं."

माझ्या नवऱ्याने हार हातात घेतला. त्याच्या मनात ते बसत होतं, मला दिसलं. सहा महिने रेवदंड्याहून गूळ वाहणाऱ्याच्या मनात ते बसणारच. कार्यकर्ता गेल्यावर मी म्हटलं, "त्याच्या घराला टालायचं असंल तर त्यानं काय वाईट केलं व्हतं आपल्याला?"

"त्यानं आपल्याला उपाशी ठेवलं."

"त्याच्या आयनं हूं म्हटला म्हनून तुज्या बहिनीचं लगीन हाय."

"तू कुनाच्या बाजूची हायस?"

"तुज्या बहिनीच्या. आनि जो मत सांगनार न्हाय त्याच्या. उद्या तो पुढारी 'न्हाय सांगनार' बोलला तर त्याच्याबी."

नवरा उठून बाहेर गेला. संध्याकाळी परत आला तेव्हा हातात अक्षत होती. बापलेक दोघं मिळून पुढाऱ्याच्या घरी बोलावणं द्यायला गेले. हार मी तुळशीवर घातला, वाया कशाला घालवायचा.

तुळशीचं लग्न झालं आणि आमच्या दारात मांडव उभा राहिला. पालीकडची माणसं बैलगाड्या जुंपून आली. धवलारीण लग्नाची गाणी गायली, गाव जेवायला बसलं, मांडवावर आंब्याच्या डहाळ्यांशिवाय काही नव्हतं. पुढारी आला, आपल्या मिशांसकट, आणि सासऱ्यांच्या शेजारी पंगतीला बसला. बराच वेळ दोघं बांधाबद्दल बोलत होते. भात वाढता वाढता मी ऐकलं. पुढाऱ्याने आवाज खाली घेतला. "आता तरी सांग. कुनाला दिलंस?"

"डाल घे," सासरे म्हणाले. "ती गरम हाय तवर."

बांध पुढच्या उन्हाळ्यात गावानेच घातला. दोन्ही पक्षांनी येऊन आम्हीच घातला म्हणून सांगितलं, त्याला कुणाची हरकत नव्हती.

पुढची निवडणूक आली तेव्हा नारळ कुणी काढला नाही, पण विचारायची खोड जात नाही. पुढारी सवयीने आळीतून फिरला. चुलतजावेला विचारलं तर ती म्हणाली, न्हाय सांगनार. तिच्या नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, मलाबी न्हाय सांगितलं तिनं. घराघरातून तेच. शेवटी दमून स्वतःच्या ओटीवर जाऊन बसला आणि आईला म्हणाला, "आये, तू तरी सांग, तू कुनाला दिलंस?"

म्हातारी आतून म्हणाली, "तुज्या बापाला माज्या मनातलं कंदी सांगितलं न्हाय, तुला काय सांगू."

मी तेव्हा ताकासाठी त्यांच्याच ओटीवर उभी होते. पुढाऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "माज्याकडं बगू नका, मीबी न्हाय सांगनार." तो हसला. मग आपणच आत गेला आणि ताकाचं भांडं मला आणून दिलं.